सूचक, अनुमोदक आणि गाव

ग्रामपंचायतीच्या ठरावबुकात बहुतेक पाने एकाच सुरातली. गटार, पेव्हिंग ब्लॉक, टीसीएल पावडरची खरेदी, थकलेली पाणीपट्टी. खाली सूचक, अनुमोदक, आणि ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ रोजी याच साच्यात वेगळाच विषय बसवला. नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे गावात बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते वर्ष होते आणि सरपंच होते सुरगोंडा पाटील. कल्पना करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांची. आपल्यामागे पत्नीवर हे प्रकार होऊ नयेत, असे प्रतिज्ञापत्रच त्यांनी करून ठेवले होते. पंधरवड्याच्या आत, १७ मे रोजी, ग्रामविकास विभागाने राज्यातल्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवण्यास सांगणारे परिपत्रक काढले.

शासनाने गावाचे अनुकरण करायला सांगावे, हे दुर्मीळच. पण परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. घरपट्टी थकली तर मागणीबिल, मग मागणीचा हुकूम, शेवटी जप्ती अशी वसुलीची वाट ग्रामपंचायत अधिनियमात आखलेली आहे. बांगड्या फोडणाऱ्यांसाठी तशी वाट नाही. शिवाय हा विधी करायला पुढे येतात त्या बायका बऱ्याचदा माहेरच्या, भावकीतल्या, परगावच्या असतात. हेरवाडचा ठराव त्यांना कसा लागू होणार?

तरीही तो फुकट गेला असे मला वाटत नाही. अशा वेळी घरातल्या एखाद्या दिराला किंवा भावाला मनातून हे नको असते, पण ‘लोक काय म्हणतील’ यापुढे त्याची जीभ उचलत नाही. आता त्याला म्हणता येते, आमच्या गावाचा ठराव आहे. ठराव शिक्षा करत नसला, तरी नकार देणाऱ्याला आडोसा देतो.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगावही याच बळावर चालले. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचे, साडेआठला दुसरा भोंगा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आया-बहिणींवरून शिव्या देण्यास बंदी केली, शिवी दिल्यास दंड ५०० रुपये. (ज्ञानेश्वरी ज्या तालुक्यात सांगितली गेली, तिथेच हे व्हावे, हा योग सौंदाळ्याने ठरवून साधलेला नसावा.) या गावांत नळाचे, बांधाचे, मतांचे राजकारण असणारच, पण शिवीच्या बाजूने उघडपणे उभे राहायला कोण तयार होईल?

याच जिल्ह्यात तीन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, पाथर्डी तालुक्यातल्या मढीने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लीम व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव केला. प्रशासनाने तो रद्द ठरवला. पण कागदाचा साचा तोच होता, ग्रामसभेचाच. हेरवाडचा ठराव ज्याला नकार द्यायचा आहे त्याला आडोसा देतो. मढीचा ठराव ज्याला जगायला जागा हवी आहे त्याची जागा काढून घेतो. ग्रामसभेला लोकशाहीचे देऊळ मानून दोन्हीसमोर हात जोडणाऱ्यांना हा फरक दिसत नाही, किंवा पाहायचा नसतो.

म्हणून ठरावाचा मजकूर वाचण्याआधी सभेच्या हजेरीपत्रकाकडे पाहावे. गणपूर्तीसाठी मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी ती पुरते. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणजे दोन-तीन हजार मतदारांच्या गावात पंचवीस-तीस जणांनी ‘सर्वानुमते’ लिहिले, तरी कागद नियमात बसतो. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, अशीही तरतूद कायद्यात आहे. कुंकू आणि बांगड्यांचा निर्णय घेताना ती सभा किती गावांत खरोखर भरली आणि किती गावांत फक्त सह्यांसाठी रजिस्टर घरोघर फिरले, हे परिपत्रकाच्या अंमलबजावणीच्या कुठल्याही रकान्यात उमटत नाही.