जांघेतली गाठ लपवू नका

जांघेत गाठ दिसली की आपल्याकडे ‘अवधाण आलंय’ म्हणून लेप लावतात. पायाला जखम असेल तर ते खरेही असते. पण जांघेच्या घडीखाली, मांडीकडे आलेली छोटी गाठ फेमोरल हर्निया असू शकते. हर्निया पुरुषांनाच होतो हा समज चुकीचा आहे. हा प्रकार तर स्त्रियांमध्येच जास्त, त्यातही उतारवयात. आणि आपल्या आया-बहिणी लाजेपोटी घरातसुद्धा सांगत नाहीत!

मांडीत उतरणाऱ्या रक्तवाहिनीशेजारची ही वाट फार अरुंद असते. तिच्यात आतडे उतरले की आवळले जाते, रक्त बंद होते आणि काही तासांत ते सडू लागते. कधी आतड्याची फक्त एक कड अडकते. मग शौचाला होते, वात सरतो, घरचे बिनघोर राहतात. हा प्रकार सर्वांत फसवा. क्वचित गाठीत चक्क अपेंडिक्स सापडते. १७३१ साली पॅरिसच्या द गारंजो या सर्जनने त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला त्याचेच नाव आहे.

ऑपरेशनमध्ये आतडे जिवंत असेल तर आत सारून वाट टाक्यांनी किंवा जाळीने बुजवतात. सडलेले असेल तर तेवढा भाग कापून टोके जोडतात. पू असेल तर जाळी बहुधा टाळतात. पट्टा बांधून हा हर्निया बरा होत नाही.

विश्रामबागेतून सांगलीचे सिव्हिल आणि मिरजेचे सरकारी रुग्णालय, दोन्ही जवळच. गाठ एकाएकी दुखून कडक झाली, उलट्या सुरू झाल्या, तर चोळत बसू नका, सकाळची वाट पाहू नका. रात्रीच रिक्षा करा.