कवचकथा – ११ : चिलखताच्या आतलं बनियन

चिलखतातल्या सिरॅमिकच्या प्लेटांची कथा या आठवड्यात यायची होती. ती पुढच्या खेपेला. मध्ये साताऱ्याकडच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आणि मला राहवेना. त्यांचा मुलगा निमलष्करी दलात आहे, सध्या दमट जंगलाच्या मुलखात. केवलारचा भाग त्यांना आवडला, पण पुढे लिहितात, ‘गोळी कशी अडते ते कळलं. पण बीपी (बुलेटप्रूफ) जॅकेट चढवलं की दोन तासांत पोराचं बनियन पिळायला येतं. खांद्याची सालटं निघालीत, काखेत घामोळं उठलंय. आत काय घालायचं तेही लिहा की.’ दुकानदाराने त्यांना ‘ड्राय-फिट’ म्हणून तीन चकचकीत पॉलिस्टरचे टी-शर्ट गळ्यात मारलेत. ते पाठवू का, असंही विचारलंय.

ताई, पार्सल बांधू नका. आधी एवढं वाचा. बाकीच्यांनीही कुरकुर करू नये. होजिअरीच्या धंद्यात केस पिकलेल्या माणसाला बनियनाबद्दल विचारल्यावर तो थोडक्यात आटपेल, ही अपेक्षाच चुकीची.

केवलारच्या भागात एक मुद्दा मी सोडून दिला होता. केवलारचं, म्हणजे अरामिड जातीचं, कापड भिजलं की त्याचे धागे एकमेकांवरून सहज घसरतात, आणि गोळी अडवण्याची त्याची ताकद घटते. म्हणून जॅकेटमधली पॅनेलं पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बंद केलेली असतात. म्हणजे जॅकेटमधून हवा खेळत नाही हा शिलाईतला दोष नव्हे, ते मुद्दामच तसं केलेलं असतं. जवानाला भर मे महिन्यात रेनकोट घालून डोंगर चढायला लावल्यासारखं होतं, आणि या रेनकोटाचं वजन काही किलो असतं.

आता घामाचं गणित. एक लिटर घाम अंगावरून वाफ होऊन उडाला, तर तो जाताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तोच घाम नुसता ओघळून कमरेच्या पट्ट्यात जिरला, तर शरीरातलं पाणी जातं आणि गारवा काहीच मिळत नाही. अमेरिकन लष्कराच्या उष्माघातविषयक नियमावलीत दमट हवेत अंगावर चिलखत असेल, तर मोजलेल्या उष्मा निर्देशांकात ५ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळपास ३ अंश सेल्सिअस, वाढवून मग कामाचे आणि विश्रांतीचे तास ठरवायला सांगितलं आहे. नुसतं अंगातलं बनियन बदलून हे तीन अंश उतरत नाहीत. ‘आमचा शर्ट घाला, जॅकेटमध्ये एसी लागल्यासारखं वाटेल’ असं सांगणारा विक्रेता खुशाल थापा मारतोय असं समजा.

मग बनियनाकडून मागायचं काय? दोनच गोष्टी. पॅनेलखालचा घाम ओढून गळा, बाही, काख आणि कंबर या कडांपर्यंत न्यायचा, कारण वाफ व्हायला जागा तिथेच आहे. आणि जॅकेट जिथे जिथे घासतं, तिथे कातडी आणि जॅकेट यांच्या मध्ये मुकाट्याने उभं राहायचं. माझं म्हणणं असं, की चिलखत जे काम करतं ते बनियनाने करायला जाऊ नये, आणि चिलखत जिथे संपतं तिथून बनियनाचं खरं काम सुरू होतं.

हा शहाणपणा मला कुठे सापडला म्हणाल, तर न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयातल्या एका इंग्रजी हस्तलिखितात. पंधराव्या शतकातलं, सर जॉन ॲस्टली नावाच्या सरदारासाठी तयार झालेलं. त्यात एक छोटासा मजकूर आहे: पायउतार होऊन लढणाऱ्या माणसाला पोलादी चिलखत आरामशीर कसं चढवावं. पहिलीच सूचना वाचून मी उडालो. आत शर्ट घालायचाच नाही! घालायचा तो फस्टियन नावाच्या जाड कापडाचा, सॅटिनचं अस्तर लावलेला घट्ट डगला, आणि त्याला जागोजाग भोकं पाडलेली. सैल शर्टाच्या चुण्या पोलादाखाली दबून माणसाला छळतात, हे त्या लेखकाला ठाऊक असावं. अंगाला लागणारं अस्तर गुळगुळीत, आणि भोकं बहुधा हवेसाठी. गंमत पुढे आहे. काखेत आणि कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे पोलादी पत्रा पोचत नाही, तिथे त्या डगल्याला साखळीजाळीचे तुकडे शिवून टाकायचे. गुडघ्यांना पातळ ब्लँकेटच्या पट्ट्या गुंडाळायच्या, पायांचं चिलखत घासू नये म्हणून. सालटं निघण्यावर साडेपाचशे वर्षांपूर्वीसुद्धा कोणीतरी डोकं चालवलं होतं!

आता हाच आराखडा शतकं ओलांडून कसा पुन्हा उगवला ते बघा. इराक आणि अफगाणिस्तानात उतरलेल्या सैनिकांचे गणवेशाचे जाड शर्ट जॅकेटखाली घामाने थबथबायचे. छातीवरचे खिसे जॅकेटखाली निरुपयोगी, वर बटणं टोचायची, कॉलर दुमडून मानेला लागायची. मग ब्रिटिशांनी आणि अमेरिकनांनी खास जॅकेटखाली घालायचे शर्ट काढले. त्यांची धडाची बाजू पातळ, ताणली जाणारी, विणलेल्या होजिअरी कापडाची. खिसा नाही, बटण नाही. बाह्या मात्र गणवेशाच्या दणकट कापडाच्या. आपल्याकडे जुन्या नोकरदारांच्या कोटाखालच्या शर्टाची पाठ फाटकी आणि कॉलर तेवढी इस्त्रीची असायची, त्यातलाच हा हिशोब! लपलेल्या भागाला हलकं, उघड्या भागाला भक्कम. ॲस्टलीच्या डगल्याची काख आणि या शर्टाची बाही एकाच विचारातून आली आहेत.

बाह्यांवर एवढा जीव का टाकला? त्या जॅकेटबाहेर उघड्या राहतात, आणि उघड्या भागाला मोठा धोका आगीचा. आणि ताई, तुमच्या तीन टी-शर्टांचा निकाल इथेच लागतो.

पॉलिस्टर साधारण २५५-२६० अंश सेल्सिअसला वितळतं, नायलॉन त्याच्या आसपास किंवा त्याहून खाली, आणि पॉलिप्रॉपिलीन तर १६० च्या पुढे-मागेच. स्फोटात किंवा पेटलेल्या गाडीत ज्वाला याच्या कितीतरी वर जाते. वितळलेलं कापड कातडीला चिकटतं, तिथेच उष्णता सोडत राहतं आणि गार झालं की घट्ट बसतं. डॉक्टरांना ते जखमेतून खरवडून काढावं लागतं. सुती कापड पेटतं, पण वितळत नाही. एप्रिल २००६ मध्ये इराकमधल्या अमेरिकन मरीन सैनिकांना तळाबाहेरच्या कामगिरीवर पॉलिस्टर-नायलॉनचे खेळाडूंचे टी-शर्ट घालायला थेट बंदी झाली. सैनिकांना ते आवडत होते, पुष्कळांनी पदरच्या पैशाने घेतले होते. पण रस्त्याकडेच्या सुरुंगांनी गाड्या पेटत होत्या, आणि भाजलेल्या जवानांच्या अंगावर वितळलेला शर्ट सापडत होता. त्यानंतर मरीन दलाने न वितळणाऱ्या, आगीला दाद न देणाऱ्या धाग्यांचे कपडे दिले.

कोणी म्हणेल, अर्धं सुती अर्धं पॉलिस्टर घेऊ, म्हणजे दोन्हीकडून फायदा. नाही. मिश्र कापडात सुती धागा जळताना सांगाड्यासारखा उभा राहतो, आणि वितळलेलं पॉलिस्टर गळून पडण्याऐवजी त्याच सांगाड्याला धरून जळत राहतं. टेक्स्टाइलच्या वर्गात हे शिकवतात, लेबलवर कोणी छापत नाही.

आता शिवणीबद्दल, माझा आवडता विषय. बनियन हातात घेतलं की उलटं करा. आतून उभी राहणारी, दोरीसारखी जाड ओव्हरलॉकची शिवण दिसली, तर जॅकेटखाली दिवसभरात ती कातडीत रुतणार. चपटी, दोन्ही बाजूंनी सपाट बसणारी फ्लॅटलॉक शिवण हवी. खांद्याच्या माथ्यावर शिवण नसलेली बरी, कारण जॅकेटचा सगळा भार तिथेच बसतो. गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जाणारी रॅग्लन बाही म्हणूनच या कामाला चांगली. मानेमागचं लेबल कापून टाका. आणि सँडो नको! घरात सँडो ठीक, पण जॅकेटच्या पट्ट्या उघड्या खांद्यावर आणि काखेची कड उघड्या कातडीवर घासते, म्हणून तर पोराची सालटं निघाली. निदान अर्ध्या बाहीचं, गळा गोल आणि जॅकेटच्या कडेच्या वर येणारा, अंगाबरोबर बसणारं, आणि पँटमध्ये खोचल्यावर वाकलं तरी बाहेर न येणारं एवढं लांब. सैल घ्याल तर चुणी पडेल, आणि चुणी प्लेटखाली दबून रात्रीपर्यंत वळ उठवेल.

कापड कुठलं, हे हवेवर आणि कामावर ठरतं. सुती धागा नेहमीच्या हवेत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल धरतो, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून पॉलिस्टरमधला घाम धाग्यात न मुरता धाग्यांच्या फटींतून पसरतो आणि लवकर वाळतो. जिथे आगीचा धोका जवळपास शून्य, उदाहरणार्थ शहरातला बँकेचा सुरक्षारक्षक किंवा रोकड वाहून नेणारा माणूस, तिथे पातळ जाळीदार पॉलिस्टर सुतीपेक्षा नक्कीच सुसह्य. स्फोटाचा, पेट्रोलचा, गाडीतल्या आगीचा संभव असेल तिथे मात्र पॉलिस्टर, नायलॉन आणि त्यांची मिश्रणं बाद. तिथे उरतं सुती, मेरिनो लोकर, आणि सरकारने दिलेलं आगरोधक बनियन. मेरिनो म्हटलं की लोकांना घाम फुटतो, पण बारीक मेरिनोचं पातळ बनियन उकाड्यातही चालतं. ते वितळत नाही, ज्वाला दूर झाली की बहुधा आपसूक विझतं, वास धरत नाही. दोष दोनच: महाग, आणि रफ वापराला लवकर विरतं. थंडीत पहाऱ्यावर मात्र ओलं सुती बनियन अंगावर ठेवून बसणं म्हणजे स्वतःला गारठवणं, तिथे लोकरच.

दुकानदारावर विश्वास नसेल तर घरी तपासा. शिवणीच्या कडेचा एक धागा उसवून चिमट्यात धरा आणि मोरीजवळ, खाली स्टीलची ताटली ठेवून, काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख मऊ. लोकर जळक्या केसांचा वास देते आणि बाहेर काढली की विझते. पॉलिस्टर ज्वाळेपासून आक्रसतं, वितळतं आणि शेवटी काळा कडक मणी राहतो. तो मणी दिसला, की ते बनियन जंगलात पाठवायचं नाही.

ताईंसाठी सरळ यादी: आधी पोराला विचारा, दलातून आगरोधक बनियन मिळतं का, मिळत असेल तर तेच. नसेल तर शंभर टक्के सुती, पातळ, अर्ध्या बाहीची, चपट्या शिवणीची चार बनियनं. दुपारी संधी मिळाली की एक बदलायचं. भिजलेल्या कातडीवर घर्षण जास्त, कोरडं बनियन हाच अर्धा औषधोपचार. धुताना कपडे मऊ करणारं द्रव्य नको, ते धाग्यावर थर धरून घाम ओढू देत नाही. जॅकेटचं बाहेरचं आवरण धुवायचं असेल तर पॅनेलं आधी काढून ठेवायची. ती ओल्या फडक्याने पुसायची, बादलीत बुडवायची नाहीत. घामोळ्याऐवजी गजकर्णासारखे गोल चट्टे उठले, तर मेडिकलमधलं कुठलंही मलम न लावता दलातल्या डॉक्टरला दाखवायचं. आणि ते पॉलिस्टरचे तीन टी-शर्ट? घरी ठेवा, सुट्टीवर आला की पोरगा व्हॉलीबॉल खेळायला घालेल.