सुपेल्याच्या कबाड्याकडचा मासा

भिलाईच्या सुपेल्यातल्या कबाड्याकडे एक फ्रेम केलेलं स्थिरचित्र दीडशे रुपयांत मिळालं. गुलाबी कापडावर निळसर कागद, त्यावर खारवलेला मासा. शेजारी दोन बटाटे आणि काळ्या पावाचा तुकडा. भिंगाखाली रंगांचे बारीक ठिपके दिसले, म्हणजे छापील प्रत. (बायको म्हणाली, तरी दीडशे?)

मूळ चित्र कुझ्मा पेत्रोव-वोदकिन यांचं 'हेरिंग', 1918 सालचं. ते सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये आहे. रशियन क्रांतीनंतरच्या उपासमारीतलं हे रेशनचं जेवण! पण मांडलंय नैवेद्यासारखं. या चित्रकारावर रशियन चर्चमधल्या आयकॉन-चित्रांचा प्रभाव होताच.

हे छापील चित्र भिलाईत कसं आलं? 1955 च्या भारत-सोव्हिएत करारानंतर पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत तंत्रज्ञ इथे राहिले. त्यांच्यापैकीच कुणाच्या भिंतीवरचं असावं. मागच्या पुठ्ठ्यावर पुसट रशियन अक्षरं आहेत.