जिवाणूंची साखरपेरणी

प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या चढवणे, म्हणजेच ग्लायकोसिलेशन, हे माणूस, झाडे, यीस्ट अशा 'प्रगत' पेशींचे काम. जिवाणूंना ते कुठले जमायला, असे जीवशास्त्राची पुस्तके बराच काळ बिनदिक्कत सांगत. औषध उद्योगाचा अनुभवही तसाच. इन्शुलिनला साखर लागत नाही, म्हणून ते ई. कोलाय या जिवाणूकडून करवून घेता आले आणि १९८२ मध्ये बाजारात आले. एरिथ्रोपोएटिनला साखर लागते, तर त्यासाठी हॅमस्टरच्या पेशी पाळाव्या लागल्या. हॅलोबॅक्टेरियमच्या आवरणात साखर जोडलेले प्रथिन १९७६ मध्येच सापडले होते, पण खाऱ्या पाण्यात राहणारा विक्षिप्त जीव म्हणून त्याची बोळवण झाली.

ही समजूत मोडली ती हगवण लावणाऱ्या कॅम्पायलोबॅक्टर जेजुनीने. क्रिस्टीन शिमान्स्की, पॅट्रिशिया ग्युरी आणि सहकारी त्याची काही जनुके तपासत होते. ती बाह्य आवरणातल्या साखरेची असावीत असा अंदाज होता. जनुके बिघडवली, तर आवरण जसेच्या तसे. बदलली ती अनेक प्रथिने. प्रतिपिंडे त्यांना पूर्वीसारखी ओळखेनात. १९९९ मधला हा शोधनिबंध आजही वाचावा असा आहे.

यंत्रणा मोठी नेटकी आहे. पेशीपटलाच्या आतल्या बाजूला, एका स्निग्ध रेणूवर सात साखरा एकेक करून जोडल्या जातात : मुळाशी बॅसिलोसामाइन, त्यावर पाच गॅलनॅक आणि बाजूला फुटलेली ग्लुकोजची एक फांदी. तयार साखळी पटलापलीकडे नेली जाते आणि पीजीएलबी हे विकर ती अख्खीच्या अख्खी प्रथिनातल्या अ‍ॅस्पॅराजिनवर बसवते. बॅसिलोसामाइन माणसाच्या शरीरात नसते, हे ध्यानात ठेवावे. २००२ मध्ये झुरिचच्या मार्कुस एबी यांच्या गटाने ब्रिटिश सहकाऱ्यांसह ही सगळी यंत्रणा ई. कोलायमध्ये घातली आणि ती तिथेही चालली.

या साखरेचा जिवाणूला उपयोग काय? आतड्यातल्या पाचक विकरांपासून प्रथिनांचा बचाव, हा एक. पण कशाभिकेचे, म्हणजे पोहायच्या शेपटीचे, उदाहरण अधिक बोलके. कॅम्पायलोबॅक्टरच्या एका अभ्यासलेल्या वाणात तिच्या प्रथिनावर साखर बसण्याच्या १९ जागा सापडल्या. ही साखर निराळी, स्यूडामिनिक आम्लाच्या कुळातली, आणि बसवण्याची रीतही निराळी. ती नसेल तर कशाभिका बनतच नाही. जिवाणू हलू शकत नाही, आतड्यात ठाण मांडू शकत नाही. जठरातल्या हेलिकोबॅक्टरचीही हीच कथा. परम्याच्या आणि मेंदुज्वराच्या नायसेरियाच्या तंतूंवरही साखर असते.

क्षयाच्या जिवाणूकडे मात्र आपण थांबून पाहायला हवे. त्याच्या अपा या प्रथिनावर मॅनोज ही साखर असते. मॅनोजची ठेवण बदलली की टी-पेशींना चेतवण्याची त्याची ताकद घटते, हे १९९९ मध्येच दिसले. साधे ई. कोलाय हे मॅनोज चढवत नाही. तरीही त्याच्याकडून बनवून घेतलेल्या उघड्याबोडक्या प्रथिनांवर लसीच्या आशा बांधायच्या, हे मला कधी पटले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसची, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची, साथ आली, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला आणि त्याचे नाव घरोघरी पोचले. तिथे एक गल्लत टाळावी. या आजारात ज्या साखरेमुळे प्रतिपिंडे आपल्याच नसांवर उलटतात, ती जिवाणूच्या प्रथिनांवर नसते. ती बाह्य आवरणातल्या स्निग्ध रेणूंवर असते आणि हुबेहूब आपल्या नसांवरच्या साखरेसारखी दिसते.

लसनिर्मितीत साखर आणि प्रथिन यांची जोडणीच कळीची ठरते. जिवाणूची साखर वाहक प्रथिनाला जोडली की प्रतिकारशक्ती तिला नीट ओळखते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची मेनआफ्रिव्हॅक ही मेंदुज्वराची लस याच तत्त्वावरची. २०१० मध्ये बुर्किना फासोत तिची मोहीम सुरू झाली. त्यात जोडणी रसायनांनी होते. पीजीएलबी वापरले तर तेच काम ई. कोलायच्या पेशीतच उरकते. कल्पना देखणी खरी. पण याच मार्गाने बनवलेल्या एक्सपेक९व्ही या ई. कोलायविरुद्धच्या लसीची मोठी चाचणी फेब्रुवारी २०२५ मध्ये पुरेसा परिणाम न दिसल्याने थांबवावी लागली. दोष जोडणीच्या तंत्राचाच, असे त्यावरून म्हणता येत नाही.

कोंबड्यांवरचे काम मला जास्त आश्वासक वाटते. माणसाला कॅम्पायलोबॅक्टर बहुधा कोंबडीकडूनच मिळतो, आणि त्याच्या प्रथिनांवरची सात साखरांची साखळी आपल्या नसांवरच्या साखरेशी मिळतीजुळती नाही. म्हणून शिमान्स्की यांच्या गटाने तीच साखळी निरुपद्रवी ई. कोलायच्या अंगावर बसवून २०१६ मध्ये कोंबड्यांसाठी लस मांडली. काही पक्ष्यांच्या आतड्यांतून कॅम्पायलोबॅक्टर जवळपास नाहीसा झाला, काहींवर ढिम्म परिणाम नाही. लशीसोबत प्रोबायोटिक दिल्यावर प्रतिसाद सुधारला.