सूर मोबाईलमध्ये शाबूत, खोलीत मात्र हरवतात

गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. त्यांची मोजकी ध्वनिमुद्रणे, मोगूबाई कुर्डीकरांची गायकी, मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींची नाट्यपदे हा सारा ठेवा आज स्ट्रीमिंग सेवांवर बोटाच्या एका स्पर्शासरशी उपलब्ध आहे. पूर्वी एका तबकडीसाठी पणजी-मडगावची दुकाने धुंडाळणाऱ्या रसिकाला हे स्वप्नवत वाटले असते. तरीही अनेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते : गाणे लागते, पण भरत नाही. तानपुरा घुमण्याऐवजी गुरगुरतो, डग्ग्याची घुमक पसरट होते आणि गायकाचा आवाज कुठून येतो तेच कळत नाही.

मग अधिक महाग वर्गणी घेतली जाते, चकचकीत वेष्टनातील केबल आणली जाते, आणि तक्रार तशीच राहते. मूळ ध्वनिमुद्रणापासून कानापर्यंतच्या साखळीत अनेक कड्या आहेत. खरी हानी बहुधा पहिल्या आणि शेवटच्या कडीत होते. खर्च मात्र मधल्या कड्यांवर केला जातो.

पहिली कडी ध्वनिमुद्रणाची. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे. त्यातील अतितार आणि अतिमंद्र ध्वनी मुळातच टिपले गेलेले नाहीत. अशा मुद्रणाला कितीही उच्च प्रतीची फाईल मिळाली तरी जे तबकडीत नाही ते फाईलमध्ये येणार नाही. मात्र एकच मुद्रण सेवेवर तीन-चार वेगवेगळ्या अल्बमांत आढळते आणि त्या प्रतींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. कुणी खरखर काढण्याच्या भरात आवाजातील धारच काढून टाकलेली असते, कुणी कृत्रिम घुमारा मिसळलेला असतो, तर कुणी थोडी खरखर राहू देऊन गळा जसाच्या तसा जपलेला असतो. ही शेवटची प्रत शोधून ती आपल्या यादीत ठेवणे हा फुकटात होणारा सर्वांत मोठा लाभ होय. किंचित खरखर कान दहा मिनिटांत विसरतो. पुसला गेलेला गळा मात्र परत येत नाही.

दुसरी बाब अ‍ॅपमधील सेटिंगची. बहुतेक अ‍ॅप दर्जा ‘स्वयंचलित’ ठेवतात आणि नेटवर्क थोडे मंदावले की गुपचूप खालच्या पायरीवर उतरतात. यूट्यूब म्युझिकमध्ये ‘उच्च’ हा पर्याय निवडल्यास सेकंदाला २५६ किलोबिटपर्यंत दर्जा मिळतो. अ‍ॅपल म्युझिकने २०२१ पासून हानिरहित म्हणजे लॉसलेस संगीत अतिरिक्त शुल्काविना दिले आहे, पण ते सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावे लागते. वाय-फाय, मोबाईल डेटा आणि डाउनलोड यांसाठी दर्जा वेगवेगळा निवडता येतो. तो एकदा तपासून घेणे श्रेयस्कर. त्याच ठिकाणी इक्वलायझर आणि ‘बास बूस्ट’ कुणी पूर्वी चालू करून ठेवले आहे का, तेही पाहावे. घरात मुले असतील तर शक्यता दाट.

लॉसलेसचा खरोखर किती फरक पडतो? सीडीमध्ये प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांचे, दोन वाहिन्यांत साठवलेले असतात. त्याचा वेग सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतो. या नमुन्यांत २२ हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी सामावतात आणि निरोगी तरुण कानाची मर्यादा सुमारे २० हजार हर्ट्झ आहे. वयपरत्वे ती बरीच खाली येते. म्हणजे १९२ किलोहर्ट्झसारख्या आकड्यांनी घरातील श्रोत्याच्या पदरी फारसे काही पडत नाही. ३२० किलोबिटची चांगली फाईल आणि लॉसलेस यांतील भेद तर नाव झाकून केलेल्या श्रवण-चाचण्यांत बहुसंख्य श्रोत्यांना ओळखता येत नाही. वर्गणीत लॉसलेस मिळत असेल तर ते अवश्य घ्यावे. केवळ त्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यापूर्वी मात्र विचार करावा. ३२० किलोबिटला तासाला सुमारे १४४ मेगाबाइट डेटा लागतो, सीडीच्या दर्जाला संकोचनानंतरही त्याच्या दुपटीहून अधिक. तुलना करताना दोन्हींचा मोठेपणा तंतोतंत सारखा असणे आवश्यक आहे, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच ‘अधिक चांगला’ वाटतो. दुकानातील प्रात्यक्षिके या दुबळेपणावरच चालतात.

आता वहनाविषयी. ब्लूटूथवर गाणे पुन्हा एकदा संकुचित होऊन स्पीकरकडे जाते. सर्वसाधारण एसबीसी पद्धतीची मर्यादा सुमारे ३२८ किलोबिट, एलडॅकची ९९०. पण आयफोनमध्ये एलडॅकची सोय नाही. म्हणून लॉसलेसचे पैसे भरून ते साध्या ब्लूटूथवर ऐकणे म्हणजे गाळलेले पाणी पुन्हा गढूळ भांड्यात ओतणे. वाय-फायवर चालणाऱ्या एअरप्ले, गुगल कास्ट किंवा स्पॉटिफाय कनेक्ट या पद्धती त्यापेक्षा सरस ठरतात. शेवटच्या दोहोंत तर मोबाईल केवळ रिमोटचे काम करतो. गाणे स्पीकर स्वतः इंटरनेटवरून आणतो आणि मध्येच फोन आला तरी मैफल खंडित होत नाही.

गोव्यातील जुन्या चिरेबंदी घरांत मात्र वाय-फायची वेगळीच अडचण असते. जांभ्या दगडाच्या जाड भिंती लहरी शोषून घेतात; त्यांतही ५ गिगाहर्ट्झच्या लहरी २.४ च्या तुलनेत लवकर क्षीण होतात. राउटर पडवीत आणि स्पीकर माजघरात असेल तर गाणे अडखळणारच. साधी लॅन केबल ओढणे हा त्यावरील स्वस्त आणि कायमचा उपाय. येथे साधी केबल पुरते. अंकरूप संकेत एकतर पूर्ण पोहोचतो किंवा तुटतो. महागड्या केबलने गंधार अधिक गोड होत नाही.

अंकांचे विद्युत्-लहरीत रूपांतर करणारा डॅक हा घटक आता माफक किमतीतही उत्तम मिळतो. मोबाईलमधून तारेने अ‍ॅम्प्लिफायरला जोडणी करायची असेल तर मोबाईलचा आवाज जवळपास पूर्ण ठेवून कमी-अधिक करण्याचे काम अ‍ॅम्प्लिफायरवर सोपवावे. मोबाईलचा आवाज अर्ध्यावर आणि अ‍ॅम्प्लिफायरचा टोकाला, असे उलटे केल्यास गाण्यासोबत सूंऽऽ असा आवाजही वाढतो.

यानंतर येते ती खोली. आणि बहुतेक घरांतील तक्रारीचे मूळ तेथेच असते. समोरासमोरील दोन भिंतींमध्ये काही ठरावीक कंपने अडकून फुगतात. १२ फूट लांबीच्या खोलीत ती सुमारे ४७, ९४ आणि १४१ हर्ट्झला येतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो, म्हणजे या तिसऱ्या कंपनाच्या अगदी शेजारी. परिणामी गायक षड्जावर आला की खोली त्याच्याबरोबर ओरडू लागते, आणि इतर स्वरांवर गप्प राहते. तानपुऱ्याची गुरगुर ही पुष्कळदा तानपुऱ्याची नसतेच, ती खोलीची असते. खोली चौरस असेल तर लांबी व रुंदीची कंपने एकमेकांवर चढतात आणि दोष दुणावतो. हा फुगवटा भिंतीलगत आणि कोपऱ्यात सर्वाधिक असतो. नेमके तेथेच आपल्याकडे एक स्पीकर ठेवलेला असतो आणि दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकून सोफा!

म्हणून पहिला प्रयोग फर्निचरचा. स्पीकर कोपऱ्यातून काढून मागच्या भिंतीपासून हात-दीड हात पुढे आणावेत. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा आणि तार ध्वनी देणारा लहान पडदा बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा. स्पीकर हलवणे शक्य नसेल तर खुर्ची हलवावी. अर्धा मीटर पुढे सरकताच डग्गा आटोपशीर झाल्याचे पुष्कळदा जाणवते. नव्या सदनिकांत चकचकीत फरशी, उघड्या भिंती आणि काचेची सरकती दारे यांमुळे आणखी एक दोष येतो. खोलीत टाळी वाजवावी. मागोमाग खणखणता थरथराट ऐकू आला तर तोच थरथराट प्रत्येक तानेला चिकटत आहे असे समजावे. जाड पडदा, स्पीकर व श्रोता यांच्यामधील फरशीवर सतरंजी, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट एवढ्याने तो बराच शमतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा प्रघात मात्र निरुपयोगी आहे. त्यांनी मंद्र ध्वनीला काहीच होत नाही आणि आगीचा धोका तेवढा वाढतो.

जोडणी बिनचूक आहे का हे तपासण्यासाठी जुन्या एकवाहिनी, म्हणजे मोनो, मुद्रणाइतके चांगले साधन नाही. केसरबाईंची एखादी जुनी तबकडी लावून मध्यभागी बसावे. दोन्ही स्पीकरमधून तोच संकेत येत असल्याने गळा दोहोंच्या बरोबर मध्ये, रिकाम्या जागेतून उमटला पाहिजे. तो एका बाजूला ओढला जात असेल तर अंतरे किंवा बॅलन्स चुकला आहे. तो डोक्याभोवती विरघळल्यासारखा, पोकळ आणि मंद्राविना वाटला तर एका स्पीकरची लाल व काळी तार उलट जोडली गेली आहे. ही चूक वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही आणि दोष बिचाऱ्या स्ट्रीमिंगला दिला जातो. दुरुस्तीला दोन मिनिटे पुरतात. फक्त त्यापूर्वी अ‍ॅम्प्लिफायर बंद करावा.

कोकणपट्टीत पावसाळा हा आणखी एक भागीदार. स्पीकरच्या शंकूभोवतीची कड फोमची असेल तर दमट हवेत ती काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळून पडते. रबरी कड पुष्कळ अधिक टिकते. जुने स्पीकर विकत घेताना जाळी काढून ही कड बोटाने अलगद दाबून पाहावी. चुरा हाताला लागला तर किंमत त्याप्रमाणे ठरवावी. शंकू आणि आतील वेटोळे शाबूत असल्यास नवी कड बसवून घेता येते. विजांच्या दिवसांत अ‍ॅम्प्लिफायर आणि राउटर या दोहोंचे प्लग काढून ठेवावेत. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण विजेचा धक्का राउटरकडे येणाऱ्या तांब्याच्या तारेवाटेही घरात शिरतो.