अफाट डेटाबेसचा नकाशा

बँकेच्या खिडकीपाशीं उभ्या असलेल्या गृहस्थांना आपली शिल्लक क्षणार्धांत समजते. परंतु ती सांगण्याकरितां किती वह्या चाळाव्या लागल्या, याची कल्पना त्यांना क्वचितच असते. या वह्या आतां कागदाच्या राहिलेल्या नाहींत. ‘रिलेशनल डेटाबेस’ म्हणजे संगणकांत सांठविलेल्या कोष्टकांचा संग्रह होय. खातेदारांचें एक कोष्टक, खात्यांचें दुसरें, देवघेवीचें तिसरें. खातेदाराचा पत्ता एकाच ठिकाणीं लिहावयाचा व इतरत्र केवळ त्याचा क्रमांक द्यावयाचा, म्हणजे बिऱ्हाड बदललें तरी दुरुस्ती एकदांच करावी लागते. ही व्यवस्था एडगर कॉड या इंग्लंडांत जन्मलेल्या शास्त्रज्ञांनीं १९७० सालीं, कॅलिफोर्नियांतील आय. बी. एम. कंपनीच्या प्रयोगशाळेंत असतांना मांडली. ‘रिलेशन’ म्हणजे कोष्टकांमधील नातें, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः गणितांतील हा शब्द कॉड यांनीं खुद्द कोष्टकालाच लाविला होता. पुढें १९७६ सालीं पीटर चेन यांनीं वस्तूंकरितां चौकटी व त्यांच्या नात्यांकरितां शंकरपाळ्याच्या आकाराची खूण वापरून आकृति काढण्याची रीत सुचविली. आजच्या आकृतींतून शंकरपाळे बहुधा गळाले असून चौकटी आणि रेघा तेवढ्या उरल्या आहेत.

तीन कोष्टकांची आकृति शाळकरी मुलगाहि काढील. हजार कोष्टकांची गोष्ट निराळी. हजारांत जोड्याच ४,९९,५०० होऊं शकतात. त्यांपैकीं शंभरांत एक जोडी जोडलेली मानली तरी पांच हजारांच्या आसपास रेघा होतात. मोठमोठ्या कारखान्यांचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॅप कंपनीच्या प्रणालींत तर कोष्टकांची संख्या दहा हजारांच्याहि कितीतरी पुढें जाते. असें चित्र एकाच कागदावर काढलें, तर मांज्याचा गुंता बरा म्हणावयाची पाळी येते.

परंतु गुंता हा लहान दोष होय. खरा धोका लेखणींतच आहे. मायक्रोसॉफ्टच्या एस. क्यू. एल. सर्व्हरसाठीं आकृति काढण्याचें जें साधन आहे, त्यांत चौकटीवर माउसची उजवी कळ दाबली असतां दोन आज्ञा समोर येतात. एक, कोष्टक चित्रांतून वगळण्याची. दुसरी, तें डेटाबेसमधूनच नष्ट करण्याची. चित्रांतील रकान्याचें नांव सुधारून आकृति जतन केली, तर मूळ कोष्टकांतील नांवहि बदलतें. घराचा नकाशा खोडतांना घराची भिंत पडावी, तसाच हा प्रकार! साधन खातरजमेचा प्रश्न विचारतें, हें खरें. पण दिवसभरांतला शंभरावा प्रश्न कोण वाचतो?

म्हणून जाणते लोक चालू डेटाबेसवर आकृति काढीतच नाहींत. पोस्टग्रेस या प्रणालींत ‘पीजी-डंप’ नांवाच्या आज्ञेला ‘केवळ सांगाडा’ असें सांगण्याची सोय आहे. त्यामुळें कोष्टकांचीं नांवें, रकाने व नातीं एवढींच मजकुराच्या स्वरूपांत बाहेर येतात. खातेदाराचें एकहि नांव येत नाहीं. त्या मजकुरावरून दुसऱ्या यंत्रावर रिकामीं कोष्टकें उभारावयाचीं आणि तेथें खुशाल चित्र काढावयाचें. हात चुकला तरी जाणार काय? चालू डेटाबेसच वाचणें भाग पडलें, तर वाचण्यापलीकडे कसलाहि अधिकार नसलेलें खातें वापरावें. तेवढ्यानेंहि निर्धास्त होतां येत नाहीं. स्कीमास्पाय यासारखें साधन, तसें न करण्यास बजावलें नाहीं तर, प्रत्येक कोष्टकांतील ओळी मोजावयास लागतें. ओळी कोट्यवधि असल्या तर ऐन गर्दीच्या वेळीं तो भार खिडकीपाशीं उभ्या असलेल्या गृहस्थांनाहि जाणवूं शकतो.

सांगाडा हातीं आल्यावर त्याचे तुकडे करावयाचे. ठेवींचा एक कागद, कर्जांचा दुसरा. प्रत्येकावर वीस-पंचवीस चौकटी, आणि चौकटींत ओळख पटविणारे रकाने तेवढे. शाखा किंवा चलन यांसारखीं कोष्टकें सर्वांशींच जोडलेलीं असतात. त्यांच्या रेघा सरळ वगळाव्यात.

एक अडचण मात्र यंत्राला सुटत नाहीं. डेटाबेसला जें नातें स्पष्ट सांगितलेलें असतें, बहुधा तेवढीच रेघ तें काढतें. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिच्यांत लेखाच्या प्रत्येक आवृत्तीच्या नोंदींत त्या पानाचा क्रमांक असतो. पण हें नातें डेटाबेसला सांगितलेलें नाहीं, प्रणालीच तें पाळते. त्यामुळें यंत्र दोन चौकटी काढतें, मधली रेघ काढीत नाहीं. एकाकी दिसलें म्हणून कोष्टक निरुपयोगी समजून कोणी काढून टाकलें, तर आवृत्त्यांचा इतिहासच नाहींसा व्हावयाचा. अशीं नातीं रकान्यांच्या नांवांवरून ताडावीं लागतात. ताडलेली रेघ तुटक काढावी, आणि प्रणाली जाणणाऱ्या जुन्या माणसानें होकार दिल्यावरच ती अखंड करावी.