तेरा विजयांचा हिशेब

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, मिनेसोटा वायकिंग्ज या संघाने २०२२ च्या हंगामात १७ पैकी १३ सामने जिंकले आणि गटात पहिलं स्थान मिळवलं. त्याच हंगामात त्यांनी ४२४ गुण कमावले आणि ४२७ गुण दिले. तेरा सामने जिंकूनही गुणांची वजाबाकी उणे आलेला लीगच्या इतिहासातला हा पहिलाच संघ. हा निव्वळ आकड्यांचा गमतीदार योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण कुठल्याही संघाचं मोजमाप कसं करावं, याचा धडा त्यात आहे. किती सामने जिंकले यावरून काय घडलं ते कळतं. संघ किती चांगला आहे आणि पुढे काय करील, हे कळायला गुणांतला फरक जास्त उपयोगी पडतो.

हे गणित जुळलं कसं? या खेळात चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेला की टचडाउनचे सहा गुण, त्यानंतरच्या जादा प्रयत्नाचे एक किंवा दोन, आणि चेंडू लाथेने खांबांमधून पार केला की फील्ड गोलचे तीन. म्हणजे आठ गुणांपर्यंतची पिछाडी एका चढाईत भरून निघू शकते; म्हणून तेवढ्या फरकाचा सामना अटीतटीचा मानतात. वायकिंग्जच्या वाट्याला असे ११ सामने आले आणि अकराही त्यांनी जिंकले. या अकरा विजयांतली आघाडी एकत्र केली तरी ती जेमतेम ५४ गुण भरते. उलट हरलेल्या चार सामन्यांत मिळून ते ८९ गुणांनी मागे पडले. डॅलस काउबॉइजनी तर त्यांच्याच मैदानावर त्यांना ४०-३ असं धुतलं. जिंकले ते निसटते, हरले ते सपाटून.

निसटतं म्हणजे किती निसटतं, हे १३ नोव्हेंबरच्या बफेलोतल्या सामन्यात दिसलं. शेवटच्या मिनिटात वायकिंग्जची चढाई गोलरेषेच्या तोंडाशी अडली आणि चेंडू बफेलो बिल्सकडे गेला. चार गुणांची आघाडी असलेल्या बिल्सना आता फक्त वेळ काढायचा होता. पण मागे येणारा चेंडू क्वार्टरबॅक जॉश ॲलनच्या हातून सुटला, वायकिंग्जच्या एरिक केंड्रिक्सने त्यावर झडप घातली आणि त्यांना टचडाउन मिळालं. बिल्सनी बरोबरी साधल्यावर जादा वेळेत वायकिंग्ज ३३-३० असे जिंकले. त्याआधी वायकिंग्जच्या जस्टिन जेफरसनने चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नात, १८ यार्ड हवे असताना, एका हाताने अचाट झेल घेतला होता. तो झेल कौशल्याचाच; ॲलनच्या हातून सुटलेल्या चेंडूला मात्र वायकिंग्जचं कर्तृत्व कसं म्हणणार? लंडनमध्ये न्यू ऑर्लीन्स सेंट्सची ६१ यार्डांवरून मारलेली शेवटची किक खांबाला आणि आडव्या दांडीला लागून बाहेर पडली. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध वायकिंग्जच्या ग्रेग जोसेफची शेवटची किक तेवढ्याच अंतरावरून आत गेली. दोन किका उलट पडल्या असत्या, तर चित्र बदललं असतं.

आदल्या हंगामाशी तुलना केली की मुद्दा आणखी स्पष्ट होतो. २०२१ मध्ये याच संघाने ४२५ गुण मिळवले, ४२६ दिले. म्हणजे कामगिरी जवळपास तीच. पण त्या वर्षी अटीतटीच्या १४ सामन्यांपैकी आठ हातचे गेले, एकूण विजय आठच झाले आणि प्रशिक्षक माइक झिमर यांना नारळ मिळाला. त्यांच्या जागी केव्हिन ओकॉनल आले आणि पाच विजय वाढले. वजाबाकी मात्र उणे एकवरून उणे तीनवर गेली.

यावर पहिला आक्षेप असा, की ऐन मोक्याच्या क्षणी डोकं शांत ठेवणं हेही कौशल्यच. इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध मध्यंतराला ०-३३ असे मागे असताना ३९-३६ असं जिंकणं, ही लीगमधली आजवरची सर्वांत मोठी भरपाई, नशिबाने होते का? शिवाय नाणं सलग अकरा वेळा छाप पडण्याची शक्यता २०४८ त एक. आक्षेपात तथ्य आहे. धीर आणि डावपेच यांचा वाटा असतोच. पण ३२ संघ वर्षानुवर्षं खेळत असताना कुणाच्या तरी वाट्याला असा दुर्मीळ हंगाम येणारच, आणि आपलं लक्ष नेमकं त्याच्याकडेच जातं. कसोटी ही, की ते कौशल्य टिकतं का? जानेवारी २०२३ मध्ये बाद फेरीत बारावा अटीतटीचा सामना आला आणि वायकिंग्ज जायंट्सकडून २४-३१ असे हरले. आठ यार्ड हवे असताना त्यांचा क्वार्टरबॅक कर्क कझिन्स याचा शेवटचा पास तीन यार्डांचाच ठरला.

दुसरा आक्षेप २०२३ च्या घसरणीबद्दल. त्या वर्षी सातच विजय मिळाले, पण कझिन्सच्या टाचेचा स्नायुबंध तुटला होता, असं समर्थक सांगतात. ते खरं, मात्र ती दुखापत आठव्या सामन्यातली. त्याआधी, कझिन्स खेळत असतानाच, पहिल्या पाचपैकी चार सामने ते हरले होते आणि चारही सात किंवा कमी गुणांनी. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: ओकॉनल यांच्याच संघाने २०२४ मध्ये अटीतटीच्या दहापैकी नऊ सामने जिंकले. त्यात प्रशिक्षकाचा हात असेलही. पण त्या वर्षीच्या १४ विजयांमागे १०० गुणांची अधिक वजाबाकी उभी होती, तो पाया २०२२ मध्ये नव्हता.

बेसबॉलचा संघ हंगामात १६२ सामने खेळतो, तिथे नशीब बऱ्याच अंशी समतोल साधतं. सतरा सामन्यांत त्याला तेवढा वाव मिळत नाही. तरीही बाद फेरीत कुणी जायचं, हे विजयांवरच ठरावं. नियम तोच आहे आणि तो न्याय्यही आहे. पण प्रशिक्षक ठेवायचा की काढायचा, खेळाडूंवर किती पैसा लावायचा, हे प्रश्न पुढच्या वर्षाचे असतात. तिथे आठ विजयांनी घाबरून जाऊ नये आणि तेरा विजयांनी हुरळूनही जाऊ नये.